मोडीचा हिशेब

जुनी भांडी विकायला नेली की दुकानदार त्यांना भांडी म्हणत नाही, मोड म्हणतो. आजीचा गुंड, चेपलेलं गंगाळ, बूड गेलेली कोपर, सगळं एकाच तागडीत. नक्षी कुणाच्या हातची होती, आतल्या बाजूला कुणाचं नाव कोरलं होतं, हे तागडीला कळत नाही. तिला वजन कळतं.

भंडारा हे पितळी भांड्यांचं गाव. गावाचं नाव भांड्यांवरूनच पडलं असं लोक सांगतात. अभ्यासक मात्र रतनपूरच्या इसवी सन ११०० च्या शिलालेखातल्या ‘भाणारा’ या नावाकडे बोट दाखवतात. नावाचं काही असो, स्टील आणि प्लास्टिक घरात शिरेपर्यंत इथली पितळी भांडी दूरदूरच्या बाजारांत जात होती. मोड मुशीत घालून भट्टीवर चढवायची, वितळली की ओतायची आणि मग ठोकत बसायचं. पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. शंभरात सत्तर तांबं असेल तर पितळ मऊ, ठोकून वाढवता येणारं. साठावर आलं की कडक, गरम असतानाच वळणारं.

आता समजा, दोन भागीदार आहेत. एकाच्या मोडीत ७० टक्के तांबं, दुसऱ्याच्या मोडीत ६० टक्के. घाईगर्दीत दोघांचा माल न तोलता एकाच मुशीत गेला आणि १०० किलोची लगड निघाली. नमुना तपासून आणला तर तांबं ६४ टक्के. कुणाचा माल किती?

दहावीतली पोरगीही हे गणित दोन मिनिटांत सोडवेल. दोन्ही मिळून १०० किलो, हे एक समीकरण. ७० टक्क्यांनी पहिल्याचं तांबं आणि ६० टक्क्यांनी दुसऱ्याचं मिळून ६४ किलो, हे दुसरं. उत्तर: पहिल्याचे ४० किलो, दुसऱ्याचे ६०. भागीदार समाधानानं घरी जातील. या प्रकरणाच्या शेवटी त्यांना परत बोलवायचं आहे, कारण त्यांच्या मोडी जर थोड्या वेगळ्या असत्या तर हेच गणित भांडण लावून गेलं असतं.

कॉलेजात गेलं की हीच समीकरणं मॅट्रिक्सच्या, म्हणजे सारणीच्या वेषात भेटतात. सहगुणकांची एक चौकोनी सारणी, तिच्या पुढ्यात अज्ञातांचा स्तंभ, बरोबरचं चिन्ह, पलीकडे माहीत असलेल्या आकड्यांचा स्तंभ. ‘मॅट्रिक्स’ हे नाव दिलं सिल्व्हेस्टरनं, १८५० साली. तिचं बीजगणित रचलं केलीनं, १८५८ साली. त्या बीजगणितात एक फार देखणं वाक्य आहे: सारणीची व्यस्त सारणी काढा, तिनं उजव्या स्तंभाला गुणा, उत्तर हातात. पाच किती पट केले की वीस, तर वीसला पाचाच्या व्यस्तानं, म्हणजे एकपंचमांशानं गुणा. तसंच. कागदावर हे इतकं नेटकं दिसतं की संगणकाला तेच शब्दशः सांगावं असं प्रत्येक नव्या प्रोग्रामरला वाटतं. मलाही वाटलं होतं. माझ्या पहिल्यावहिल्या प्रोग्राममध्ये पाच ठिकाणी व्यस्त काढला होता आणि पाचही ठिकाणी त्याची गरज नव्हती.

संख्यात्मक गणित शिकवणारे पहिल्याच आठवड्यात बजावतात: सूत्रात व्यस्त दिसला तरी प्रोग्राममध्ये तो काढायचा नाही. का, ते आधी एका आकड्यावर पाहू. तेरा जणांत ९१ पायल्या धान वाटायचं आहे. सरळ भागलं तर प्रत्येकी ७. आता भागाकार टाळून तेराचा व्यस्त काढू. तो संपत नाही, म्हणून चार दशांश स्थळांवर तोडू: ०.०७६९. त्यानं ९१ ला गुणलं तर ६.९९७९. एका भागाकाराऐवजी एक भागाकार आणि एक गुणाकार झाला, आणि उत्तरही पूर्ण सात आलं नाही. चूक आपण स्वतःच घरात आणली, कारण न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी काढलं आणि ते तोडून ठेवलं. संगणक चारऐवजी सुमारे सोळा सार्थ अंकांवर तोडतो, पण तोडतोच.

धानाचाच विषय निघाला आहे तर दोन हजार वर्षं मागं जाऊ. चीनमध्ये ‘गणिताचे नऊ अध्याय’ नावाचा एक ग्रंथ आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास तो आजच्या रूपाला आला आणि इसवी सन २६३ मध्ये लिऊ हुईनं त्यावर भाष्य लिहिलं. त्याच्या आठव्या अध्यायातलं पहिलंच गणित तुमसरच्या बाजारात बसलेल्या माणसालाही आपलं वाटेल. चांगल्या पिकाचे ३ भारे, मध्यमचे २ आणि हलक्याचा १ झोडला तर ३९ मापं धान्य निघालं. २, ३ आणि १ भारा झोडला तर ३४ मापं. १, २ आणि ३ झोडले तर २६ मापं. प्रत्येक प्रकारच्या एका भाऱ्यात किती? तिकडचं माप वेगळं, आपण पायली म्हणू.

त्यांनी मोजणीच्या काड्या पाटावर मांडून जे केलं ते असं. दुसऱ्या ओळीची तिप्पट करा, त्यातून पहिलीची दुप्पट वजा करा. चांगले भारे उडाले, उरलं: ५ मध्यम आणि १ हलका मिळून २४. तिसऱ्या ओळीची तिप्पट करून पहिली वजा करा: ४ मध्यम आणि ८ हलके मिळून ३९. आता या दोन नव्या ओळींत तोच खेळ. दुसरीची पाचपट, त्यातून पहिलीची चौपट वजा. मध्यमही उडाले: ३६ हलके म्हणजे ९९. हलक्या भाऱ्यात पावणेतीन पायल्या. हे मागच्या ओळीत घाला, मध्यमच्या भाऱ्यात सव्वाचार. दोन्ही पहिल्या ओळीत घाला, चांगल्याच्या भाऱ्यात सव्वानऊ.

युरोपात या रीतीला गाउसचं नाव लागलं. १८१० च्या सुमारास पॅलस या लघुग्रहाची कक्षा ठरवताना त्यानं सहा अज्ञातांची समीकरणं अशीच एकेक अज्ञात उडवत सोडवली होती. आजचा संगणकही हेच करतो, फक्त काड्यांऐवजी दशांश संख्या वापरतो. आणि या सगळ्यात व्यस्त सारणी कुठेही आली नाही. हव्या होत्या तीन संख्या, त्या मिळाल्या. व्यस्त काढला असता तर आधी नऊ संख्या काढाव्या लागल्या असत्या आणि मग त्यांनी गुणावं लागलं असतं.

वरच्या रीतीत शेवटी काय उरलं ते नीट पाहा. एका ओळीत एकच अज्ञात, तिच्या वरच्या ओळीत दोन, तिच्याही वर तीन. सारणीचा त्रिकोण झाला. त्रिकोण झाला की काम सोपं, एका टोकाला सुरुवात करायची आणि मिळालेलं उत्तर पुढच्या ओळीत घालत जायचं. याचं जिवंत चित्र भंडाऱ्यात पावसाळ्यात दिसतं. हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले तलाव आज ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जातात. यातला मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे, ‘माजी मालगुजारी’चं ते संक्षिप्त रूप. (नवेगावबांधचा प्रसिद्ध तलावही पूर्वी याच जिल्ह्यात होता, १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला आणि तलाव तिकडे गेला.) उतारावरच्या तलावांची साखळी असते. वरचा भरला की सांडव्यावरून पाणी खालच्यात, तो भरला की त्याच्या खालच्यात. पहिल्या तलावात किती आलं ते फक्त त्याच्या पावसावर. दुसऱ्याचं त्याच्या पावसावर आणि पहिल्याच्या सांडव्यावर. तिसऱ्याला पहिल्याची चौकशी करायची गरज नाही, दुसऱ्याला विचारलं की झालं. वरून खाली एकदा चालत आलात की सगळे आकडे हातात.

अशी साखळी सारणीत मांडली तर बहुतेक घरं शून्य असतात. हजार तलाव असतील तर दहा लाख घरांपैकी फक्त १,९९९ घरांत आकडा येईल: प्रत्येक तलावाचा एक, आणि वरच्याशी जोडणारा एक. आता हिचा व्यस्त काढा. व्यस्त सांगतो की वरच्या प्रत्येक तलावातलं पाणी खालच्या प्रत्येक तलावात शेवटी किती पोचतं. पहिल्याचं दुसऱ्यात निम्मं गेलं, तर तिसऱ्यात पाव, चौथ्यात आठवा भाग, असं हजाराव्यापर्यंत. एकही संबंध शून्य नाही. व्यस्तात ५,००,५०० आकडे भरतात. १,९९९ आकड्यांत मावलेली गोष्ट पाच लाखांत सांगायची, आणि तीही कुणी विचारली नसताना.

साखळीऐवजी जाळं घेतलं की हा फरक हसण्यावारी नेता येत नाही. २०२० च्या ऑगस्टच्या अखेरीस मध्य प्रदेशातला जोराचा पाऊस आणि तिथल्या संजय सरोवरातून सोडलेलं पाणी वैनगंगेतून खाली आलं आणि भंडारा शहरात घरं पाण्याखाली गेली. खाली पवनी तालुक्यात गोसीखुर्दचं धरण, त्याला ३३ दरवाजे. असा पूर संगणकात मांडायचा तर नदीपात्राचे आणि काठाचे चौकोन पाडतात, आणि प्रत्येक चौकोनाचा संबंध फक्त शेजारच्या चारांशी येतो. एक लाख चौकोन धरले तर सारणीत फार तर पाच लाख आकडे, म्हणजे सुमारे चार मेगाबाइट. साध्या मोबाइलमध्येही सहज मावतील. तिच्या व्यस्तात मात्र लाख गुणिले लाख, म्हणजे एक हजार कोटी आकडे. ८० गिगाबाइट. पाणी शेजाऱ्याकडूनच येतं, पण शेजाऱ्याच्या शेजाऱ्याकडून असं मोजत गेलं की कागदावर प्रत्येक चौकोनाचा थोडा तरी परिणाम प्रत्येकावर निघतो, आणि व्यस्त तो सगळा लिहून काढायला बसतो. असं गणित व्यस्त काढून करायला घेतलं तर पूर ओसरेपर्यंत उत्तर येणार नाही.

सगळ्या सारण्या काही तलावांच्या साखळीसारख्या आयत्या त्रिकोणी नसतात. पण भाऱ्यांच्या गणितात आपण चौकोनी सारणीचा त्रिकोण केला, आणि तो करताना कुठल्या ओळीची कितीपट कशातून वजा केली याची नोंद ठेवली असती तर त्या नोंदींचाही एक त्रिकोण झाला असता. म्हणजे कुठलंही गुंतागुंतीचं गणित दोन उतरंडींमध्ये मोडता येतं (गरज पडली तर ओळींची जागा बदलून). एक वरून खाली उतरायची, दुसरी खालून वर चढायची. (उतरंड हा शब्दही भांड्यांचाच, एकावर एक रचलेल्या मडक्यांचा.) प्रोग्रामर याला एलयू म्हणतात. १९४८ साली अ‍ॅलन ट्युरिंगनं एका लेखात गाउसची रीत अशा स्वरूपात मांडली. सारणी एकदा मोडून ठेवली की रोज नवा उजवा स्तंभ आला, नव्या दिवसाचा पाऊस आला, तरी फक्त दोन उतरंडी चालायच्या.

इथे हमखास एक शंका येते: रोज नवा स्तंभ येणार असेल तर व्यस्त एकदाच काढून ठेवलेला बरा नाही का? हिशेब करू. अज्ञातं हजार असतील तर सारणी मोडायला सुमारे ६७ कोटी क्रिया लागतात, व्यस्त काढायला सुमारे २०० कोटी. तिप्पट. नंतर प्रत्येक नव्या स्तंभाला दोन उतरंडी चालायला सुमारे २० लाख, आणि व्यस्तानं गुणायलाही तेवढ्याच. पुढं काही वाचतच नाही, मग आधी तिप्पट खर्च कशाला? गंमत म्हणजे पायथनच्या नम्पायमध्ये ‘इन्व्ह’ या नावानं व्यस्त मागितला तरी तो आतून ‘सॉल्व्ह’चंच यंत्र चालवतो, उजवीकडे एकक सारणीचे स्तंभ ठेवतो आणि समीकरणं सोडवतो. पाहुण्यांना चहा हवा म्हणून अख्खं दुकान विकत घेण्यातला हा प्रकार.

मात्र समीकरणं सोडवतानाही आकडे तुटतातच, आणि एक काळ असा होता की यानं भल्याभल्यांची झोप उडवली होती. १९४३ मध्ये संख्याशास्त्रज्ञ हॉटेलिंगनं अंदाज मांडला की एकेक अज्ञात वाढेल तशी चूक चौपट होत जाऊ शकते. तसं असतं तर वीस अज्ञातांत गणित संपलं असतं. १९४७ मध्ये फॉन नॉयमन आणि गोल्डस्टाइन यांनी मोठ्या सारण्यांचे व्यस्त काढण्यावर भला मोठा शोधनिबंध लिहिला आणि भीती बरीच कमी केली. पण माझ्या मते खरी भीती मोडली ती त्याच्या आधी, लंडनजवळच्या टेडिंग्टनच्या एका खोलीत. १९४६ च्या सुमारास तिथल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत अठरा समीकरणांचं एक गणित आलं. विल्किन्सन, फॉक्स, गुडविन आणि ट्युरिंग टेबलावरच्या गणनयंत्रांवर दोनेक आठवडे त्याच्याशी झटले. उत्तराचा बट्ट्याबोळ होणार ही जवळजवळ खात्री होती. समीकरणांत उत्तर परत घालून पाहिलं तर ते चकित करण्याइतकं अचूक! असं का झालं, हे शोधण्यात विल्किन्सननं पुढं आयुष्य घातलं, आणि १९७० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात त्यानं हाच किस्सा सांगितला.

त्या यशात एका साध्या सवयीचा मोठा वाटा आहे. ती हातानं करून पाहण्यासारखी आहे. फक्त तीन सार्थ अंक ठेवणारं एक गरीब यंत्र घ्या. पहिलं समीकरण: क्ष चा हजारावा भाग अधिक य बरोबर ३. दुसरं: क्ष अधिक य बरोबर ४. खरं उत्तर क्ष जवळजवळ १, य जवळजवळ ३. आता पहिल्या ओळीच्या आधारे क्ष उडवायला जा. तिची हजारपट करून दुसऱ्यातून वजा करायची: डावीकडे उणे ९९९ य, उजवीकडे ४ वजा ३०००, म्हणजे उणे २९९६. यंत्राला तीनच अंक ठेवता येतात, त्यानं २९९६ चे ३००० केले. त्या क्षणी दुसऱ्या समीकरणातला ४ नाहीसा झाला. त्याच्या जागी शून्य असतं तरी यंत्राला फरक पडला नसता. य आला ३.००, आणि तो पहिल्या ओळीत घातल्यावर क्ष आला शून्य. एकाच्या जागी शून्य.

तेच यंत्र, तीच समीकरणं, फक्त ओळींची अदलाबदल करा. आधी क्ष अधिक य बरोबर ४. तिचा हजारावा भाग दुसऱ्यातून वजा केला तर ०.९९९ य बरोबर २.९९६. यंत्र याचेही ३.०० करेल, करू दे. य पुन्हा ३.००. पण आता क्ष येतो ४ वजा ३, म्हणजे १. उडवायला उभं राहताना पाय ठेवायचा तो सगळ्यात मोठ्या आकड्यावर, एवढीच ती सवय. आजचं प्रत्येक चांगलं सॉफ्टवेअर ही अदलाबदल न सांगता करतं.

अचूकतेच्या बाबतीत व्यस्ताची बदनामी थोडी जास्तच झाली आहे, हेही सांगायला हवं. २०१२ मध्ये ड्रुइन्स्की आणि टोलेडो यांनी दाखवलं की व्यस्त काळजीपूर्वक काढला असेल तर त्यातून येणारं उत्तर खऱ्या उत्तराच्या साधारण तितकंच जवळ असतं जितकं समीकरणं सोडवून येतं. फरक पडतो तो ताळा करताना. उत्तर मूळ समीकरणांत परत घातलं की सोडवलेलं उत्तर ताळ्याला चपखल बसतं. व्यस्ताचं उत्तर अवघड सारणीत ताळ्याला बरंच मागंपुढं होऊ शकतं. ज्या कामात ताळाच महत्त्वाचा, तिथे व्यस्त नको. बाकी तक्रार वेळेची आणि जागेची, आणि ती पुरेशी आहे.

मराठी वाचकाला हा सगळा मामला जवळचा वाटावा असं एक नाव आहे, नरेंद्र करमरकर. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबातले, आयआयटी मुंबईचे पदवीधर. १९८४ मध्ये अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये असताना त्यांनी रेषीय नियोजनाची नवी पद्धत प्रसिद्ध केली. कमीत कमी खर्चात कुठून कुठे किती माल पाठवायचा, कोणतं विमान कोणत्या मार्गावर लावायचं, असल्या हजारो अटींच्या प्रश्नांची ती पद्धत. बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. करमरकरांची पद्धत अटींनी बनलेल्या बहुपृष्ठकाच्या कडांवरून न फिरता त्याच्या पोटातून वाट काढते. पण तिचं प्रत्येक पाऊल म्हणजे एक भलीथोरली समीकरणसंहती. पुस्तकात त्या पावलाचं सूत्र लिहिताना व्यस्ताचं चिन्ह असतंच. करमरकरांच्या मूळ निबंधातही व्यस्त होता, आणि प्रत्येक पावलाला तो नव्यानं न काढता थोडाथोडा दुरुस्त करत नेण्याची युक्ती होती. त्या युक्तीनं क्रियांची संख्या कागदावर आणखी खाली आली. प्रत्यक्ष वापरातल्या प्रोग्राममध्ये मात्र सारणीचे त्रिकोण करून समीकरणं सोडवतात, कारण तिथल्या सारण्या तलावांच्या साखळीसारख्या शून्यांनी भरलेल्या असतात आणि ती शून्यं जपण्यातच वेग आहे.

त्या त्रिकोणाच्या रीतीला शोलेस्कीचं नाव आहे, आणि तो होता फ्रेंच सैन्यातला मोजणी अधिकारी. १९१८ च्या ऑगस्टमध्ये तो पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्याची रीत १९२४ मध्ये सहकाऱ्यानं छापून आणली. जमीन मोजणाऱ्यांनी या विषयाला किती दिलं याची कल्पना गणिताच्या पुस्तकांतून येत नाही. भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा लॅम्टन भंडाऱ्यापासून फार लांब नाही, १८२३ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला वारला. त्याच्या मागून आलेल्यांनी त्रिकोणांचं जाळं देशभर विणलं. पण मोजलेले कोन एकमेकांशी पुरते जुळत नाहीत. मग ती तफावत सगळीकडे न्यायानं वाटायची, म्हणजे शेकडो समीकरणं एकदम सोडवायची. सगळं जाळं एका दमात सोडवणं हातानं अशक्य, म्हणून त्याचे पाच तुकडे केले.

आणि व्यस्ताची खरोखर गरज पडते ती इथेच. मोजणीवाल्याला बिंदू कुठे आहे एवढंच नको असतं, त्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा हेही हवं असतं, आणि ते व्यस्ताच्या कर्णावरच्या आकड्यांत लिहिलेलं असतं. भाऱ्यांच्या गणिताचा व्यस्त काढला तर त्याच्या पहिल्याच घरात सात बारांश येतात. त्याचा अर्थ: पहिल्या झोडणीत धान्य एक पायली जास्त मोजलं गेलं तर चांगल्या भाऱ्याचा अंदाज सात बारांश पायलीनं वाढेल. मोजमापातली चूक उत्तरात किती शिरेल, याचा तो दर आहे.

आता भागीदारांना परत बोलवू. पहिल्या वेळी त्यांच्या मोडींत ७० आणि ६० टक्के तांबं होतं, दहा टक्क्यांचं अंतर. प्रयोगशाळेच्या आकड्यात ०.०५ टक्क्याची चूक असती तर वाटणी अर्ध्या किलोनं हलली असती. अर्ध्या किलोवरून कुणी कोर्टात जात नाही. पण दोघांनी एकाच बाजारातून मोड उचलली असती तर? समजा पहिल्याची ६६ टक्के, दुसऱ्याची ६५.८. लगडीत ६५.९ आलं तर वाटणी पन्नास-पन्नास. तोच आकडा ६५.९५ आला तर पहिल्याचे ७५ किलो आणि दुसऱ्याचे २५. चूक तेवढीच, ०.०५ ची, आणि पंचवीस किलो इकडचे तिकडे. ट्युरिंगनं १९४८ च्या त्याच लेखात या चूक वाढवण्याच्या खोडीला मोजमाप दिलं. तेव्हापासून तिला कंडिशन नंबर म्हणतात. व्यस्त काढा, एलयू करा, सोळाच्या जागी साठ अंक ठेवा, हे पंचवीस किलो जागचे हलणार नाहीत. गणित चोख आहे, प्रश्नच ठिसूळ आहे.

शिवाय भट्टी आहेच. पितळ वितळतं साधारण ९०० ते ९५० अंशांच्या दरम्यान आणि जस्त उकळतं ९०७ अंशांना. म्हणजे मुशीवर जो पांढरा धूर दिसतो ते जस्तच उडून चाललेलं असतं. मोड मुशीत घालताना ६६ टक्के तांबं असेल तर ओतताना ते ६६ उरलेलं नसतं, थोडं वर सरकलेलं असतं. किती, ते भट्टी किती तापली आणि मूस किती वेळ उघडी राहिली यावर. ६६ आणि ६५.८ मधला फरक त्या धुरातच विरून जातो.

अशा वेळी संगणकाकडे जाऊन उपयोग नाही, नमुना पुन्हा तपासायला न्यावा लागतो. मात्र तांब्यासाठी नव्हे, शिशासाठी. जुन्या ओतीव वस्तूंच्या मोडीत शिसं बरंच सापडतं, पत्र्याच्या भांड्यांत कमी. समजा एकाच्या मोडीत २ टक्के शिसं आणि दुसऱ्याच्या अर्धा टक्का. जस्तासारखं ते भट्टीत फारसं उडतही नाही. लगडीत सव्वा टक्का शिसं निघालं तर वाटणी पन्नास-पन्नास, आणि इथे ०.०५ ची चूक झाली तर ती साडेतीन किलोच्या आत राहते. पंचवीसवरून साडेतीन. तेवढ्यासाठी नमुन्याचा दुसरा कपचा कापून द्यायला दोघं तयार होतील. आणि पुढच्या खेपेला मूस भरण्याआधी तागडी लावतील.